चौथ्या लाइनीची चार नावं

चिंधा माळी वारल्याची बातमी आली तेव्हा चिंधा सुरतेत तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, गुडघाभर पाण्यात उभा होता.

श्रावणातला सोमवार होता. आदल्या दिवशी घरात खान्देशातली देवी कानबाई बसली होती, रात्रभर बायकांनी गाणी म्हटली होती, आणि आता बायको पुष्पाबाई डोक्यावर चौरंग घेऊन, त्यावर नथ-हार ल्यालेली कानबाई घेऊन, भाऊबंदांच्या घोळक्यात विसर्जनासाठी नदीवर आली होती. पायऱ्यांवर शेवाळ होतं म्हणून चिंधा पुढे उतरून तिला हात देत होता. वर बँड वाजत होता. भेस्तान, डिंडोली, लिंबायत, जिथून जिथून खान्देशातली माणसं सुरतेत राहतात तिथून तिथून कानबाया आल्या होत्या. ओवाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

मुलगी धनश्री वरच्या पायरीवर होती. तिचा फोन वाजला. गावाहून मोठे काका, मगन, बोलत होते. बँडमुळे तिला आधी काही कळेना. मग कळलं, आणि ती चपलांसकट पाण्यात उतरली.

"पप्पा, काका रडतायत," ती म्हणाली. "तुम्ही गेलात म्हणतायत."

चिंधाने ओले हात शर्टाला पुसले, फोन घेतला आणि म्हणाला, "दादा, मी बोलतोय." मग मगन पहिल्यापेक्षा मोठ्याने रडू लागला, आणि त्याच्या हातातून कुणीतरी फोन ओढून घेतला. ती ऐंशी वर्षांची आई होती.

"चिंधा, तूच शे का रे?"

"हाव, माय. मीच शे. जित्ता शे."

"मंग तो फोनमाधला काय सांगी राहिना?"

मगननंतर या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. पुढचा तरी जगावा म्हणून तिने त्याचं नाव चिंधा ठेवलं. फाटक्या चिंधीकडे मरणाचं लक्ष जात नाही, असा तिचा हिशेब. चोपन्न वर्षं तो बरोबर आला होता. आज एका मोबाइलने तो तास-दीड तासापुरता चुकवला. फोनमधला माणूस खोटं बोलतोय, एवढं चिंधाने तिला चार वेळा सांगितलं, तेव्हा ती पाणी प्यायला तयार झाली.

मग धनश्रीने ती बातमी लावली. सुरतेतल्या यंत्रमागांच्या वस्त्यांमध्ये सगळे एक चॅनल बघतात. त्याला नावाने कुणी ओळखत नाही, लाल पट्टीचं चॅनल म्हणतात. पडद्यावर काळा धूर होता, माईक धरलेला एक तरुण धापा टाकत बोलत होता, आणि खालच्या लाल पट्टीवरून गुजरातीत नावं सरकत होती. चिंधा काम करायचा त्या कापडाच्या कारखान्याला आग लागली होती. मागांच्या चौथ्या लाइनीतले चारही कारागीर जळून मेले होते. चिंधा दगा माळी, हेमराज पाटील, लक्ष्मण कोळी आणि त्याच लाइनीतला भिका.

हेमराज चिंधाच्या मागेच उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, हातात आरतीचं ताट. त्याने पट्टीवर आपलं नाव वाचलं, ताट सांभाळत आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "नाना, आपण वर पोचलो वाटतं. इथे पण तापीच आहे, आणि बँडही तोच हरामखोर." सगळे हसले. लक्ष्मण पलीकडच्या पायरीवर होता, त्याला हाका मारून सांगितलं, तोही हसला.

चिंधाही हसला. पण हसू तोंडावर असतानाच त्याच्या मनात आलं. आपण इथे आहोत. मग आपल्या मागांवर कोण उभं होतं?

सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथे सणाला रजा मागितली तर मिळत नाही, माग बंद राहता कामा नयेत एवढंच शेठला कळतं. म्हणून ज्याला जायचं असेल तो आपल्या जागी बदली देतो. बदली म्हणजे दुसरा कारागीर. तो सकाळी आठला येतो, नेहमीच्या माणसाच्या नावापुढे सही करतो, नेहमीच्या माणसाचं कार्ड गळ्यात घालतो आणि बारा तास त्याचे माग सांभाळतो. कागदावर काहीच बदलत नाही. मागांवर देखरेख करणाऱ्या मास्तरला माहीत असतं, हजेरी ठेवणाऱ्या मेताजीला माहीत असतं, पण कागदाला माहीत नसतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. आणि कानबाईच्या सोमवारी तर खान्देशी माणसांच्या अख्ख्या लाइनी बदलीवर चालतात.

चिंधाच्या जागी त्या दिवशी वाल्मिक गेला होता.

वाल्मिक सत्तावीस वर्षांचा, चिंधाच्या शेजारच्या गावचा. भेस्तानच्या आवासात, सरकारी घरांच्या वसाहतीत, चिंधाच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. त्याच्या भाऊबंदांत आषाढात एक जाणता माणूस गेला होता, म्हणून यंदा त्यांच्या कुळाने कानबाई बसवली नव्हती. शनिवारी चिंधा त्याच्याकडे गेला तेव्हा वाल्मिक मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. सोमवारी त्याला घरीच पडून राहायचं होतं, आठवडाभर अंग दुखत होतं. पण चिंधाने कधी काही मागितलेलं नव्हतं. "नाना, तुमच्यासाठी येतो," एवढंच तो म्हणाला, आणि चिंधाने खिशातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

ओवाऱ्यावर उभ्या उभ्या चिंधाने त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

चिंधा खात्यात पेपरवाले नाना म्हणून ओळखला जायचा. एकोणिसाव्या वर्षी तो सुरतेत आला तेव्हा सातवी झालेला होता, आणि खोलीतल्या अकरा जणांत तेवढं शिकलेला तो एकटा. चहाच्या सुट्टीत तो पेपर मोठ्याने वाचायचा. आधी मराठी, मग दुकानांच्या पाट्या वाचून वाचून गुजराती शिकला आणि गुजरातीही. वाचताना तो आवाज चढवत नसे, मनाचं घालत नसे. कुणी मध्येच "मग पुढे काय झालं असेल?" असं विचारलं तर म्हणायचा, "लिहिलेलं नाही." प्लेगच्या साली लोक गाड्यांच्या टपावर बसून सुरत सोडत होते, तेव्हा पेपरात कुठे दवा मिळते आणि काय काळजी घ्यायची ते छापून आलं होतं. तो कागद त्याने खोलीच्या दाराला चिकटवला आणि राहिला. छापून येतं ते कुणीतरी जाऊन, बघून, विचारून आलेलं असतं, अशी त्याची तेव्हापासूनची समजूत होती. मोबाइल आल्यावर त्याने ती समजूत तशीच मोबाइललाही लावली.

म्हणून पट्टीवर आपलं नाव बघताना त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते विचित्रच होतं. एवढ्या जाहीर ठिकाणी लिहिलंय, म्हणजे खरं असेल, असं त्याला अर्धा क्षण वाटून गेलं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. त्या चार नावांची चारही माणसं आत्ता तापीवर होती. हेमराज होता, लक्ष्मण होता, भिका पलीकडच्या घोळक्यात डफ वाजवत होता. जे खरोखर त्या धुरात होते त्यांचं नाव कुठल्याच पट्टीवर नव्हतं. त्यांच्या घरची माणसं आत्ता बातमी बघत असतील आणि आपलं नाव नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकत असतील.

त्याने पुष्पाबाईला तेवढंच सांगितलं की वाल्मिक उचलत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, कानबाईची आरती अर्ध्यावर सोडू नये म्हणून ती जावेकडे चौरंग सोपवून आली आणि त्याच्या आधी पायऱ्या चढू लागली. हेमराजचं हसणं थांबलं होतं. त्याच्या जागी ओडिशाचा बिपिन नावाचा कारागीर गेला होता. त्याचं पूर्ण नाव काय, तो कुठे राहतो, हे हेमराजला माहीत नव्हतं.

घरी पोचले तर जिन्यापर्यंत माणसं. नाव पट्टीवर आहे म्हणजे चिंधा नदीवर न जाता पाळीलाच गेला असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. चिंधाच्या दारात बायका बसलेल्या, आणि आत, रात्री जिथे कानबाई होती त्या भिंतीला टेकून, वाल्मिकची बायको गायत्री रडत होती. वर्षाची मुलगी तिच्या कडेवर झोपून गेली होती. चिंधा दारात दिसला तेव्हा बायका बसल्या जागी मागे सरकल्या. मग शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, "यमाकडेपण बदली देऊन आला का हो, माळीभाऊ?" आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. कुणी हसलं, कुणी पदर डोळ्यांना लावला.

गायत्री उठली, मुलीला सावरत त्याच्या पायाशी वाकली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"नाना, किती रडवलंत. यांना कधीची फोन करतेय, नाना गेले सांगायला. उचलतच नाहीत. मागांच्या आवाजात ऐकू येत नसेल."

"कुठे गेलाय तो?" पुष्पाबाईने विचारलं. तिला माहीत होतं, पण तिच्या तोंडून निघून गेलं.

"बदलीवर. कुठल्या खात्यात ते सांगितलं नाही. आग लागलेली कळल्यावर माझं काळीज थांबलं होतं, काकू. पण मी यादी तीनदा बघितली. यांचं नाव नाही."

चिंधाने मुलीला तिच्या कडेवरून घेतलं आणि शोभाबाईंच्या हातात दिलं. पुढचं वाक्य बोलण्याआधी ते करणं त्याला जरुरीचं वाटलं.

"गायत्री, वाल्मिक माझ्या जागेवर गेला होता."

तिला ते लागलीच कळलं नाही. "पण यादीत त्यांचं नाव नाही ना, नाना."

"यादीत माझं आहे."

ती ओरडली नाही. भिंतीला हात लावून उभी राहिली आणि पायात चपला शोधू लागली. एक तिची सापडली, एक दुसऱ्याच कुणाची होती. तीच घालून ती खाली उतरली.

जखमींना नेलं होतं त्या दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षात पुढे हेमराज बसला, मागे गायत्री मध्ये आणि दोन्ही बाजूंना चिंधा आणि पुष्पाबाई. रिक्षावाल्याने मोबाइल समोरच्या काचेला अडकवला होता आणि त्यावर तेच चॅनल चालू होतं. त्याला माणसं कोण आहेत ते माहीत नव्हतं. तो आपणहून सांगू लागला की चार नव्हे, सात गेलेत, आता दाखवलं. उधन्याजवळ सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, चौदा म्हणतात, शेठ लपवतोय. पडद्यावर आकडा खरोखरच बदलत होता. धूर मात्र सकाळचाच होता, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. गायत्री पडद्याकडे बघत नव्हती. आकडा ऐकला की तिची बोटं पुष्पाबाईच्या मनगटावर आवळत होती. चिंधाने पुढे वाकून मोबाइल बंद करायला सांगितला. रिक्षावाला म्हणाला, काका, बातमी तर बघितली पाहिजे ना. हेमराजने हात लांब करून तो उलटा केला.

दवाखान्याच्या फाटकाशी खात्याचा मेताजी टेबल मांडून बसला होता. हिशेबाचा, हजेरीचा सगळा कारभार तो बघायचा. समोर एक कोरा कागद, डाव्या हातात मोबाइल. लाल पट्टीवरची नावं थांबवून थांबवून तो कागदावर उतरवून घेत होता. चिंधा टेबलासमोर उभा राहिला. मेताजीने मान वर केली आणि त्याचं पेन खाली पडलं.

"चिंधाभाई? तमे?"

"मी तर कानबाईला गेलो होतो. तुम्हाला माहीत होतं, मेताजी. बदलीला हो तुम्हीच म्हणालात."

मेताजीने इकडेतिकडे पाहिलं. हजेरीचं पुस्तक जळालं, तो म्हणाला. त्याच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. मास्तर रोज सकाळी हजेरीच्या पानाचा फोटो शेठच्या ग्रुपवर टाकायचा. तो फोटो कुणीतरी पुढे पाठवला, पुढच्याने आणखी पुढे, आणि चॅनलवाल्याने आग जिथे लागली त्या लाइनीतली चार नावं मेलेल्यांची म्हणून वाचून टाकली. आता दवाखाना यादी मागत होता, नातेवाईक यादी मागत होते, म्हणून मेताजी चॅनलवरून यादी करत होता.

"म्हणजे तुमच्या कागदावरून त्यांनी घेतलं, आणि त्यांच्यावरून तुम्ही," चिंधा म्हणाला.

मेताजीने घाम पुसला. या चौघांसाठी सकाळपासून कुणी फिरकलंच नाही, तो म्हणाला. बाकीच्यांसाठी जे आले त्यांना तो वॉर्डाकडे पाठवत होता. या चार नावांच्या घरची माणसं विचारायला आली तर त्यांना मागच्या बाजूला, शवागाराकडे पाठवायचं असं त्याने गेटवाल्यालाही सांगून ठेवलं होतं.

मागच्या बाजूला दोन प्रेतं होती. सात नाही, चौदा नाही, चार नाही. दोन. चिंधाने बायकांना बाहेर बाकावर बसवलं आणि हेमराजला घेऊन आत गेला. पहिल्या चादरीखाली तुटलेले धागे सांधणारे एक म्हातारे होते, त्यांना दोघंही ओळखत होते. मग दुसरी चादर. शवागाराच्या माणसाने ती खाली ओढली. चिंधाला पहिल्यांदा कळलं ते एवढंच की हा वाल्मिक नाही. जी सुटका वाटली तिची त्याला लगेच लाज वाटली, कारण शेजारी हेमराज त्या चेहऱ्याजवळ वाकून बघत होता. मग तो म्हणाला, "हा बिपिन आहे, नाना." बाहेर येऊन तो दोन्ही हातांनी डोकं धरून पायरीवर बसला. बिपिनच्या घरी कळवायचं कुणाला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाहेर बाकावरून गायत्री चिंधाच्या तोंडाकडे बघत होती. त्याने लांबूनच मान हलवली. नाही. ती पुष्पाबाईच्या खांद्यावर पडली. पण मग कुठे, हे तिच्या डोळ्यांत तसंच होतं.

भाजलेल्यांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. टेबलाशी बसलेल्या सिस्टरला चिंधाने वाल्मिकचं नाव सांगितलं. तिने वही बघितली, त्या नावाचा कुणी नव्हता. चिंधाने त्या वहीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "चिंधा माळी आहे का?"

"चिंधाभाई? हो, अकरा नंबर," सिस्टर म्हणाली आणि तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "कार्डावरून नाव घेतलं. दहा वाजल्यापासून ते पडून आहेत आणि एक माणूस विचारायला आला नाही. धूर छातीत गेलाय. डॉक्टर मघापासून म्हणतायत दुसऱ्या दवाखान्यात हलवा, इथे ती सोय नाही. सही कोण करणार? तुम्ही कोण त्यांचे?"

"मी चिंधा," तो म्हणाला.

अकरा नंबरच्या पलंगावरच्या माणसाच्या तोंडावर नळी लावलेला मास्क होता. भुवया जळाल्या होत्या, दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, मनगटाच्या वर कागदी पट्टीवर चिंधाचं नाव. एवढं सगळं असूनही पायांवरून, झोपण्याच्या ढबीवरून चिंधाने त्याला ओळखलं. तो उशाशी वाकला.

"वाल्मिक."

पापण्या उघडल्या. त्या उघडल्याबरोबर पाणी वाहू लागलं, आणि छाती इतकी जोरात वरखाली होऊ लागली की सिस्टरने चिंधाला बाजूला केलं.

गायत्री वर आली, तिने सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, म्हणून तिने पुन्हा एकदा खाली नाव लिहिलं. गाडी यायला अजून वेळ होता. तोपर्यंत तिला त्याच्याजवळ बसू दिलं. डॉक्टर चिंधाला बाहेर म्हणाले की आता सांगता येत नाही, रात्र जाऊ द्या. तीन तास आधी हलवलं असतं तर बरं झालं असतं. ते रागाने म्हणाले नाहीत. त्यामुळे ते चिंधाच्या मनात जास्त खोल गेलं.

तो खाली आला तेव्हा फाटकाशी गर्दी दुप्पट झाली होती. लक्ष्मणच्या आणि भिकाच्या जागी जे बदली गेले होते त्यांची घरची माणसं अजून आलेलीच नव्हती, आणि आलेल्यांतले निम्मे चुकीच्या जागी उभे होते. चिंधाने मेताजीच्या समोरचा कागद उचलला, चार नावांवर रेघ मारली आणि परत वर गेला. पलंगापलंगाशी जाऊन, ज्याला बोलता येत होतं त्याला विचारून, नाहीतर शेजारच्याला विचारून, त्याने नऊ जखमींची यादी केली. त्यांतल्या एकाचं नाव मिळालं नाही. तिथे त्याने "नाव कळलं नाही, उजव्या कानात बाळी" असं लिहिलं. मग खाली येऊन ओट्यावर उभं राहून तो कागद सावकाश वाचला. कुणी विचारलं की हा वाचेल का, तर म्हणाला, "ते मला सांगितलेलं नाही. आत आहे, जिवंत आहे, पलंग सहा."

तेव्हा माईकवाला तिथे आला. सकाळच्या धुरासमोरचा तोच तरुण. जवळून तो फार लहान वाटत होता, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सागर त्याचं नाव. उधन्यात वाढलेला, आईबाप धुळ्याकडचे. त्याला कुणीतरी बोटाने चिंधा दाखवला होता.

"नाना, तुम्हीच चिंधा माळी? बस दोन मिनिटं द्या. मरणाच्या दारातून परत आलात, कसं वाटतंय ते सांगा."

"मी कुठूनच परत आलो नाही. मी नदीवर होतो," चिंधा म्हणाला. "चार नावं तुला कुणी दिली?"

"सूत्रांकडून आली."

"तू इथे आत गेला होतास?"

"आत सोडत नाहीत, नाना."

"मला सोडलं. तू विचारलंस?"

सागरने माईक खाली केला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पाच मिनिटं थांबलो असतो तर दुसऱ्याने टाकली असती. ऑफिसातून सारखे फोन येत होते, नावं टाक, नावं टाक."

"दुसऱ्याने टाकली असती तर दुसरा खोटा पडला असता. तू कशाला पडलास?" चिंधाने कागद त्याच्यापुढे धरला. "हे वाच. तसाच ओरडून वाच, सकाळी ओरडलास तसा. आधी सांग की ती चार नावं चुकली, त्या जागी दुसरी माणसं होती, त्यांच्या घरच्यांनी इथे यावं. मग माझ्याशी बोल."

सागरने कागदाचा फोटो काढला, बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावला. बराच वेळ तो नुसता हं, हं करत होता. परत आला तेव्हा चिंधाच्या डोळ्यांना डोळा देत नव्हता. चूक झाली असं पट्टीवर घालत नाहीत, तो म्हणाला. खाली कॉमेंटमध्ये घालतो. पण तुमची स्टोरी पाहिजे म्हणतात. चिंधा वळला आणि जिना चढला.

चार वाजता गाडी वाल्मिकला घेऊन गेली. गायत्री आत बसली, दार लागेपर्यंत तिने पायातली ती दुसऱ्याची चप्पल एका हातात धरली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी लाल पट्टीवर नवी बातमी होती. मेलेला कारागीर परत आला. लांबून काढलेला चिंधाचा फोटो, डोक्याभोवती पिवळं वर्तुळ. सकाळची बातमी कुणालाही न सांगता काढून टाकलेली, पण ज्यांनी ती पुढे पाठवली होती त्यांच्या फोनांत ती फिरतच राहिली. लक्ष्मणची सासुरवाडी शिरपूरकडची. तिथून बारा माणसं जीप करून रात्री सुरतेला पोचली, तर जावई भाऊबंदांत बसून कानबाईच्या प्रसादाचे रोट खात होता. रोट परकुळाला देत नाहीत, म्हणून रडून रडून थकलेल्या त्या माणसांसाठी लक्ष्मणच्या बायकोला पुन्हा चूल पेटवावी लागली. भिकाच्या बदलीची बायको मंगळवारी दुपारी दवाखान्यात आली. तोवर ती नवरा दुसऱ्या खात्यात डबल पाळी करतोय असंच समजत होती.

एका पेपरात आतल्या पानावर आठ ओळी आल्या. दोन मृत, नऊ जखमी, बिपिनचं पूर्ण नाव आणि त्याचं गाव. हेमराजने तेवढा कागद फाडून घेतला आणि त्या गावच्या ठाण्यात फोन करून त्याच्या घरच्यांना शोधलं. चहाच्या टपरीवर कारागिरांनी चिंधाला वाचायला सांगितलं तेव्हा त्याने वाचलं, पण प्रत्येक ओळीनंतर थांबून तो खाली बघत होता, हे कुणी सांगितलं ते दिलंय का.

वाल्मिक वाचेल की नाही हे पहिले चार दिवस कुणीच सांगत नव्हतं. चिंधा रोज दुसऱ्या एका खात्यातली पाळी संपवून जायचा, काचेतून बघायचा, परत यायचा. पुष्पाबाई विचारायची, कसा आहे. तो म्हणायचा, तसाच. जेवताना त्याचा घास हातात राहायचा. शनिवारी कार्ड घेतानाचा वाल्मिकचा हात त्याला सारखा दिसायचा, आणि अंग दुखतंय असं तो म्हणाला होता, तेही.

नवव्या दिवशी नळी काढली. दहाव्या दिवशी चिंधाला आत सोडलं. वाल्मिकचा आवाज पत्र्यावर खडा घासल्यासारखा झाला होता. दोन बोटं कायमची वाकडी राहणार होती. तो थांबून थांबून बोलत होता, आणि चिंधा त्याला बोलू नको म्हणत होता.

"सगळं ऐकू येत होतं, नाना. चिंधाभाई, डोळे उघडा. चिंधाभाई, श्वास घ्या. मला सांगायचं होतं, मी तो नाही. तोंडावर मास्क, घशातून आवाज निघेना." त्याने दम घेतला. "मरणाचं नाही वाटलं. वाटलं, मी इथे गेलो तर पुष्पाकाकू रडतील, आणि ही घरी भात लावून वाट बघत बसेल."

गायत्री डबा घेऊन दाराशी आली होती, तिने ऐकलं. ती आत आली, डबा ठेवला.

"मी भात नव्हता लावला," ती म्हणाली. "मी नानांसाठी रडत बसले होते. कानबाईच्या भिंतीला टेकून, गळा काढून. सगळ्या आवासाने ऐकलं."

वाल्मिकला हसू आलं, आणि हसण्याचा खोकला झाला. सिस्टर धावत आली, तिने पलंगाचं डोकं वर केलं आणि दोघांनाही रागावून बाहेर काढलं. गायत्री काचेला कपाळ लावून उभी राहिली. चिंधा तिच्या मागे उभा होता. आतला खोकला थांबेपर्यंत दोघंही तिथून हलली नाहीत.